सुपारी, उचल आणि अनुदान



गुढीपाडवा जवळ आला की आपल्या गावांत यात्रेच्या बैठका सुरू होतात. पारावर मंडळी बसतात, वर्गणीची वही निघते आणि पहिला प्रश्न येतो, यंदा तमाशा कुणाचा आणायचा? या बैठकीला आपण बायका नसतो. वर्गणी मात्र आपल्याही घरातून जाते. मागे ग्रामसंघाच्या एका बैठकीत एका ताईंनी विचारले, "गाव दर वर्षी एवढे पैसे देते, सरकारही म्हणे तमाशाला अनुदान देते, मग फडातल्या बायांचे हाल का सरत नाहीत?" त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. समन्वयक म्हणून आम्ही गावोगाव गटांच्या वह्या तपासतो, पण हा हिशेब कधी तपासला नव्हता. मग आम्ही चौकशी केली, कागद वाचले, नारायणगावला जाऊन आलो, आणि फडात उभे आयुष्य घालवलेल्या बायांशी बोललो. त्यातून जे कळले ते आज सांगणार आहोत.

आधी एक सांगायला हवे. तमाशा म्हटले की आपण सगळे एकाच टोपलीत टाकतो. पण यात दोन निरनिराळी कामे आहेत. एक ढोलकी फडाचा तमाशा. यात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग असतो. हा फिरता असतो. मोठ्या फडात शंभरावर माणसे असू शकतात. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंगाड्या, वगात काम करणारे, ढोलकी-हलगीवाले एवढ्यावर भागत नाही. ट्रकचे ड्रायव्हर, वायरमन, तंबू ठोकणारे, आचारी हेही फडाचेच. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास घरी परततो. म्हणजे वर्षातले सात महिने बिऱ्हाड ट्रकवर. काही फड हंगामी असतात, ते फक्त चैत्र-वैशाखात उभे राहतात.

दुसरी संगीत बारी. हिच्यात वग नसतो, लावणी असते. मोडनिंब, चौफुला, जामखेड अशा ठिकाणी हिची थिएटरे आहेत. थिएटरचा मालक वेगळा आणि तिथे राहून कला सादर करणाऱ्या पार्ट्या वेगळ्या. पार्टीची मालकीण बहुतेक बाईच असते. तिच्या नावावर पार्टी चालते, तिच्या हाताखाली नाचणाऱ्या मुली, पेटीवाला, ढोलकीवाला असतात. पिढ्यान्‌पिढ्या ही कला सांभाळली ती मुख्यतः कोल्हाटी समाजातल्या बायांनी. ढोलकी फड उभे केले ते प्रामुख्याने महार, मांग, गोपाळ या समाजांनी. हे मुद्दाम सांगतो, कारण "लोककला" म्हणताना लोक कोण हे आपण विसरून जातो.

आता मनातल्या मनात महाराष्ट्राचा नकाशा उघडा. नाच कुठे नाही? पालघरला तारपा आहे, भंडारा-गोंदियाकडे खडीगंमत आणि दंडार आहे, सिंधुदुर्गात दशावतार आहे. पण बायका ज्यात नाचून पोट भरतात असे मोठे फिरते फड पाहायला गेलात तर ते पुणे, सातारा, सांगली, अहिल्यानगर आणि तिकडे खानदेश, एवढ्याच पट्ट्यात दाटलेले दिसतात. संगीत बारीची थिएटरेही सोलापूर, पुणे, अहिल्यानगर याच बाजूला. यमुनाबाई वाईकर वाईच्या. काळू-बाळूंचा फड सांगलीजवळच्या कवलापूरचा. विठाबाई भाऊ मांग तर गावाच्याच नावाने, नारायणगावकर म्हणून ओळखल्या गेल्या.

असे का, तर याला सरकार कारण नाही. आमच्या समजुतीप्रमाणे कारण आहे पीक आणि यात्रा. या पट्ट्यात ग्रामदेवतांच्या यात्रा चैत्र-वैशाखात ओळीने येतात, आज या गावात, उद्या शेजारच्या. आणि त्याच सुमारास ऊस, द्राक्षे, कांदा यांचा पैसा हातात आलेला असतो. मग वर्गणी निघते. विदर्भातल्या झाडीपट्टीत हेच वेगळ्या महिन्यांत घडते. तिथे धान घरी आल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, गावोगाव तिकीट लावून नाटके होतात आणि त्यांत लावणी लागतेच. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्यांचे नारायणगाव. सरकारी कार्यालय कुठे आहे ते पाहून कोणत्याही फडाने आपले गाव निवडलेले नाही.

नारायणगाव पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. पाडव्याच्या आधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीपुढे फडाचा बोर्ड, आत गादी, वही, आणि कोणत्या तारखा मोकळ्या आहेत त्याची यादी. गावोगावचे यात्रा कमिटीवाले जीप भरभरून येतात, चार राहुट्या फिरतात, "गेल्या साली तुमची बाई आजारी पडली, वग अर्धाच केला" असली तक्रार करतात, घासाघीस होते, इसार दिला जातो, करार लिहिला जातो. याला सुपारी म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा एका राहुटीत आम्हाला बघून मालक गोंधळले. त्यांना वाटले कुठल्या तरी खात्याच्या बाया तपासणीला आल्या. "बायका सुपारी द्यायला येत नाहीत," असे ते हसून म्हणाले. नंतर चहा पाजला आणि बरेच बोलले.

सार्वजनिक पैसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सरकार येते. पण तमाशाला मिळणारा सर्वांत मोठा सार्वजनिक पैसा हाच, गावाच्या लोकवर्गणीचा. समजा आपल्या गावात 400 घरे आहेत आणि घरटी 500 रुपये निघाले, तर झाले 2 लाख. ही समजूत म्हणून धरलेली रक्कम आहे, तुमच्या गावाचा आकडा तुम्हाला ठाऊक. आता फडात 100 माणसे असतील तर माणशी 2 हजार. पण त्यातून आधी ट्रकचे डिझेल, जनरेटर, दोन वेळचे जेवण, गाड्यांचे हप्ते आणि सावकाराचे व्याज वजा करायचे. शिवाय हंगामातल्या सगळ्या रात्री सुपारी नसते. दसऱ्यापासून यात्रा सुरू होईपर्यंत तंबूत तिकिटावर खेळ करायचा, पाऊस आला किंवा गावात कुणी वारले तर तीही रात्र कोरडी.

दुसरा पैसा सरकारचा. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय तमाशा फडांना आणि इतर काही लोककलांच्या पथकांना अनुदान देते. त्याचे दोन भाग आहेत, एक भांडवली आणि एक प्रयोगांसाठी. भांडवली म्हणजे फड उभा करायला, साहित्य घ्यायला. प्रयोगाचे म्हणजे खेळ केले त्यावर. याशिवाय सरकारतर्फे तमाशा महोत्सव आणि लावणी महोत्सव होतात, नव्या मुलामुलींसाठी शिबिरे होतात, आणि विठाबाईंच्या नावाने दर वर्षी जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. केंद्र सरकारची विभागीय सांस्कृतिक केंद्रे आहेत, त्यांत आपले राज्य दोन केंद्रांत मोडते. एकाचे मुख्यालय नागपूरला आणि दुसऱ्याचे राजस्थानात उदयपूरला. मोडनिंबच्या पार्टीवाल्या बाईने उदयपूर कधी ऐकले असेल का, असे आमच्यातली एक जण पटकन बोलून गेली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती.

हे अनुदान वाईट नाही. पण ते संस्थेला मिळते, म्हणजे फडाला. त्यासाठी नोंदणी लागते, केलेल्या प्रयोगांचा पुरावा लागतो, हिशेब लागतो. ज्याचा फड मोठा, ज्याच्याकडे लिहिणारा माणूस, त्याचे कागद पूर्ण होतात. हंगामी फडाला हे जड जाते. संगीत बारीच्या पार्टीचा तर बराच पैसा दौलतजादेवर, म्हणजे बैठकीत बक्षीस म्हणून उधळल्या जाणाऱ्या नोटांवर चालतो, आणि त्यातला वाटा थिएटरला जातो. त्याची पावती कुठून आणणार? आणि जिथे फडच नाहीत, तिथे मागणारे नाहीत म्हणून अनुदानही जात नाही. यात्रेच्या पैशाने जो नकाशा आखला, त्याच नकाशावरून सरकारचा पैसाही जातो.

मग फडातल्या बाईला काय मिळते? तिला मिळते उचल. पावसाळ्यात, जेव्हा काही काम नसते, घरात आजारपण असते, मुलांच्या शाळेचा खर्च असतो, तेव्हा मालक तिला पुढच्या हंगामाची रक्कम आधीच देतो. ऊसतोडीच्या मुकादमाकडून कोयत्याला मिळते तशीच ही उचल. दसऱ्यापासून ती नाचून फेडायची. मधे आजारी पडली, बाळंत झाली, खाडे झाले, तर रक्कम मागे राहते आणि पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते. मग दुसऱ्या फडात जायचे म्हटले तर आधीच्या मालकाचे पैसे नव्या मालकाने चुकते करायचे. आपल्या गटात कर्जाला शेकडा 2 व्याज आहे म्हणून आपण कुरकुरतो, पण आपल्याला पासबुक आहे, खतावणी आहे, किती फेडले ते कळते. उचलीचा हिशेब मालकाच्या वहीत. एक ताई म्हणाल्या, "माझ्या नावावर किती आहे ते मला दर साली मालक सांगतील तेवढं."

यात मालक सगळेच खलनायक आहेत असे मात्र आम्ही म्हणणार नाही. उचल वाटायला मालकही व्याजाने पैसे काढतो, आणि नारायणगावात सुपारी ठरली की इसारातूनच सावकाराची वसुली सुरू होते. मालकांत बायकाही आहेत. विठाबाई स्वतः फडमालक होत्या. कांताबाई सातारकरांनी फड चालवला, विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी चालवला. विठाबाईंची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. भर खेळात पोटात कळा आल्या, तंबूमागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर उभ्या राहायला निघाल्या, असे सांगतात. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. आम्हाला ती ऐकताना दर वेळी वाटते, त्या रात्रीची रजा देण्याची सोय कुणाकडेच नव्हती, ना गावाकडे, ना फडाकडे. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आणि 2002 साली त्या गेल्या तेव्हा शेवटचे दिवस पैशाच्या ओढगस्तीत गेले होते. आज त्यांच्या नावाने पुरस्कार आहे.

ही सगळी रचना किती ठिसूळ आहे ते 2020 साली दिसले. त्या वर्षी पाडवा 25 मार्चला होता, आणि देशभर टाळेबंदी सुरू झाली तीही 25 मार्चलाच. राहुट्यांत सुपाऱ्या ठरण्याचाच तो काळ. त्या चैत्रात एकही यात्रा भरली नाही. पुढच्या वर्षीही तेच. उचल मात्र आधीच दिलेली आणि घरात खर्च झालेली. ज्या बाईने ती घेतली तिला फेडायला खेळ नाही, ज्या मालकाने दिली त्याला सावकाराला द्यायला पैसा नाही. सरकारने कलावंतांना मदत देण्याचा निर्णय घेतला तो 2021 मध्ये, दुसरा हंगामही हातचा गेल्यावर. सुमारे 56 हजार कलावंतांना प्रत्येकी एकदाच 5 हजार रुपये. आमच्या माहितीतल्या एका बाईंनी त्यासाठी अर्जच केला नाही, कारण कलावंत असल्याचा कागद काय जोडायचा हे तिला कळेना.

हा कागदाचा प्रश्न आला की आमच्या मावशींची आठवण होते. मावशी आमच्या एका गटाच्या सभासद आहेत. वय साठीच्या पुढे, गुडघे गेलेले. वीसेक वर्षे फडात नाचल्या, नंतर गवळणीत मावशीचे काम केले, म्हणून सगळे त्यांना मावशीच म्हणतात. ज्येष्ठ कलावंतांना सरकार दरमहा मानधन देते, ते त्यांना मिळावे म्हणून आम्ही मागे लागलो. ही योजना जुनी आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे, आणि 2024 पासून सगळ्यांना सारखेच, महिन्याला 5 हजार रुपये आहेत. पूर्वी वरचा, मधला, खालचा असे वर्ग पाडून कमीजास्त देत, ते बंद झाले हे फार बरे झाले. अट अशी, की वय 50 च्या वर हवे, दिव्यांग असल्यास 40, कलेत किमान 15 वर्षे काढलेली असावीत आणि वर्षाचे उत्पन्न 60 हजारांच्या आत असावे.

दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून 100 जण निवडतात. सगळ्या जिल्ह्यांना सारखेच 100. यावर आमच्यातच वाद झाला. एकीचे म्हणणे, जिथे फडच फड आहेत त्या पुण्या-सोलापूरला 100 आणि जिथे थोडे कलावंत तिथेही 100, हा कुठला न्याय? दुसरीचे म्हणणे, मागणाऱ्यांच्या संख्येवर दिले असते तर गडचिरोलीच्या म्हातारीपर्यंत कधीच पोचले नसते, सगळे इकडेच संपले असते. आम्हाला दुसरे म्हणणे जास्त पटते. पण त्याचा त्रास आमच्या मावशींना झाला हेही खरे आहे, कारण रांग मोठी आणि पुरावा नसलेला अर्ज मागे पडतो.

आणि पुरावा कुठे असणार? मावशी राहतात आपल्या तालुक्यात. नाचल्या खानदेशात, नाशकाकडे, नगरच्या यात्रांमध्ये. पाहणारे लोक तिकडचे, अर्ज घेणारे कार्यालय इकडचे. टेबलावरच्या माणसाने विचारले, "तुम्ही कलावंत आहात कशावरून?" मावशी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "नाचून दाखवू का? पण गुडघे देत नाहीत." तो माणूस खजील झाला, पण अर्ज परत आला. त्यात आणखी एक घोळ. हँडबिलावर त्यांचे फडातले नाव, आधारवर सासरचे.

म्हणून हे ऐकणाऱ्या, वाचणाऱ्या ज्या बाया आजही फडात किंवा पार्टीत आहेत, त्यांना आमचे कळकळीचे सांगणे. ज्या गावात खेळ होईल तिथले हँडबिल जपून ठेवा, तारीख आणि गावाचे नाव असलेले. यात्रा कमिटीकडून किंवा ग्रामपंचायतीकडून दोन ओळींचे पत्र, शिक्क्यासह, तिथेच आणि तेव्हाच मागून घ्या. मोबाईलमध्ये फोटो काढताना मागचा बोर्ड त्यात येऊ द्या. फडातले नाव आणि आधारवरचे नाव एकाच बाईचे आहे असे प्रतिज्ञापत्र करून ठेवा. हे पन्नाशीनंतर गोळा होत नाही. मालक वारतात, फड मोडतात, कमिटी बदलते. अर्जाची चौकशी आपल्या पंचायत समितीत करा, आणि एकटीने जाऊ नका, गटातल्या दोघी बरोबर न्या.

गटाचेही सांगतो, कारण इथे आमचीही चूक झाली. तीन वर्षांपूर्वी आम्ही फडातल्या अकरा जणींचा बचत गट केला होता. विचार असा, की पावसाळ्यात त्यांना गटाचे कर्ज मिळाले तर उचल कमी घ्यावी लागेल. पहिले चार महिने छान गेले. दसऱ्याला फड निघाला आणि सगळ्या चार दिशांना गेल्या. बैठका होईनात. आमच्या पद्धतीत बैठक नियमित, बचत नियमित, फेड नियमित, तरच गटाला चांगला दर्जा. वहीत दर महिन्याला गैरहजर, गैरहजर लिहून आम्हीच तो गट "अनियमित" ठरवला आणि बँकेच्या कर्जाला तो बसला नाही. त्या बाया अनियमित नव्हत्या. त्यांचे वर्ष आपल्या वर्षापेक्षा निराळे आहे, एवढेच. आता पुन्हा करतोय, तेव्हा हंगामात जास्त बचत आणि पावसाळ्यात शून्य, बैठक हंगामात फोनवर आणि आषाढापासून समोरासमोर, असा ठराव घातला आहे. ग्रामसंघाने तो मान्य केला. बँक काय म्हणते ते बघायचे आहे.

राहिली गोष्ट आपल्या वर्गणीची. सरकारच्या पैशाला अटी घालणे आपल्या हातात नाही, पण गावच्या पैशाला घालता येतात. आमच्या भागातल्या एका ग्रामसंघाने यंदा यात्रा कमिटीला लेखी पत्र दिले. कपडे बदलायला आडोसा आणि उजेड, पिण्याचे व अंघोळीचे पाणी, शाळेचे संडास रात्रभर उघडे, आणि खेळ चालू असताना स्टेजजवळ गावचे चार जबाबदार लोक. शिवाय पत्रात हेही घातले, की खेळ झाल्यावर प्रत्येक कलावंताला नावानिशी ग्रामपंचायतीचे पत्र द्यायचे. कमिटीतले काही जण हसले. एक काका म्हणाले, "तमाशाला सर्टिफिकेट?" पण सरपंचबाई ग्रामसंघाच्याच सभासद होत्या. त्यांनी पत्राचा नमुना टाईप करून घेतला, नावाची जागा मोकळी ठेवून, आणि त्याच्या शंभर प्रती काढल्या.

मावशींचा अर्ज आम्ही या महिन्यात पुन्हा भरतो आहोत. मधे एक बरे झाले. आमच्या रेडिओवर त्यांचे नाव आणि फडाचे नाव सांगून विचारणा केली होती, कुणाकडे जुने हँडबिल आहे का? ते ऐकून इथल्या एका सुनेने चाळीसगावकडच्या माहेरी फोन लावला. तिच्या वडिलांनी पेटीच्या तळाशी अंथरलेले एक गुलाबी हँडबिल शोधून पाठवले आहे. एक कोपरा फाटला आहे, पण मावशींचे नाव आणि साल वाचता येते. अशी अजून दोन-तीन मिळाली तर हवी आहेत. जुन्या यात्रांचे कागद घरात असतील तर टाकून देऊ नका, आपल्या गटाच्या ताईंकडे आणून द्या.